दीनमित्राचा छापखाना

आपल्या चळवळीतील वृत्तपत्रांचा इतिहास लिहिण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. आधी पत्राचे नाव, मग संपादकाचे नाव, पहिल्या अंकाची तारीख, अग्रलेखांतील दोनचार जळजळीत उतारे आणि सर्वांत शेवटी ‘आर्थिक अडचणीमुळे पत्र बंद पडले’ हे वाक्य. हे वाक्य मी इतक्या लेखांत आणि प्रबंधांत वाचले आहे, की आता ते आले म्हणजे मला लेखकाला थांबवून विचारावेसे वाटते: आर्थिक अडचण म्हणजे नेमके काय झाले? कागदाचे पैसे थकले, की छापखानेवाल्याने जुळवलेला फर्मा अडवून धरला? खिळे कोणाचे होते? यंत्र कोणाच्या जागेत उभे होते? जुळाऱ्याला पगार कोण देत होते? विचार कोणाचा होता हे आपण शंभर वेळा सांगितले. तो कोणाच्या मालकीच्या लोखंडावर छापला गेला, हे मात्र सांगायचे राहून गेले.

खरे म्हणजे हे शोधण्याची सोय सरकारनेच करून ठेवली होती. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक पत्रावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव, तसेच छापण्याचे ठिकाण देणे बंधनकारक केले. छापखाना ठेवणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे तसे लिहून द्यावे लागे. राज्यकर्त्यांचा हेतू उघड होता. काही आक्षेपार्ह निघाले तर कोणाच्या दारात शिपाई पाठवायचा, हे त्यांना माहीत हवे होते. हा कायदा १ मार्च २०२४ ला नवा कायदा अमलात येईपर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, चालू होता. पत्राच्या शेवटी बारीक टाइपात येणारी ती कंटाळवाणी ओळ आपण वाचत नाही. मी गेली काही वर्षे आधी तीच ओळ वाचतो आणि मग अग्रलेखाकडे वळतो.

या लेखाचा विषय आहे नगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) एका खेड्यातून निघालेले ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक. पण त्याची हकीकत त्याच्या आधीच्या पत्रापासून, म्हणजे ‘दीनबंधु’पासून सुरू करावी लागते, कारण या दोन पत्रांत रक्ताचेच नाते आहे.

‘दीनबंधु’ १ जानेवारी १८७७ ला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढले. वेळ कोणती होती ते पाहा. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनचा शेतकरी देशोधडीला लागलेला, आणि ज्यांच्यासाठी पत्र काढायचे त्यांच्यापैकी शेकड्यातल्या दोघाचौघांनाही अक्षरओळख नाही. वर्गणीदार मिळायचे कोठून? त्यातच १८७८ मध्ये लिटनचा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आला. त्यात देशी पत्राच्या मुद्रक-प्रकाशकाकडून जामीन मागण्याची तरतूद होती. १८८१ मध्ये तो रद्द झाला; पण वर्षा-दीड वर्षाच्या, निर्धन पत्राला अशा कायद्याची धास्ती टिळक-आगरकरांच्या नंतरच्या पत्रांपेक्षा किती वेगळी असेल, याचा विचार कोणी केलेला नाही. भालेकर कर्जात बुडाले. १८८० मध्ये पत्र मुंबईला गेले आणि नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती आले. मुंबईत सत्यशोधक समाजाला तेलुगू भाषक कंत्राटदार मंडळींच्या पैशाचा आधार होता. गिरणगाव वाढत होते, वाचणारा कामगार थोडा का होईना तयार होत होता. पुण्याला न पेललेले पत्र मुंबईत तरले याचे कारण हे आहे. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. या सर्व लढ्याला ‘दीनबंधु’चे पान हाताशी होते.

येथे एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपण तो नेहमी ओशाळवाणेपणाने उरकतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचा सुरुवातीचा भाग ‘दीनबंधु’त आला आणि पुढचा भाग छापणे लोखंड्यांनी थांबवले. फुल्यांनी याबद्दल आपली नाराजी लपवून ठेवली नाही. लोखंडे भ्याले की सावध झाले, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. मला त्यात रस नाही. छापणाऱ्याच्या गळ्याभोवती कायद्याचा फास असतो आणि लिहिणाऱ्याच्या गळ्याभोवती तो तितका घट्ट नसतो, हे ज्याने पत्र चालवले आहे त्याला समजते. माझा मुद्दा साधा आहे. सत्यशोधक समाजाच्या संस्थापकाचा मजकूर सत्यशोधक समाजाच्या पत्रात अडला. कारण पत्र त्याचे नव्हते. चळवळ त्याची होती, विचार त्याचा होता, पण पान दुसऱ्याचे होते. १८८५ मध्ये फुल्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक स्वतः काढले, ते या पार्श्वभूमीवर पाहावेत.

१८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले. रोग्यांची सेवा करता करता गेले. पत्र वासुदेव लिंगोजी बिर्ज्यांकडे आले. बिर्जे बडोद्यात सयाजीरावांच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. १९०३ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या क्षत्रियत्वावर ग्रंथ लिहिला. वेदोक्ताचा वाद कोल्हापुरात पेटलेला होता, तेव्हा हा विषय त्यांना जवळचा वाटावा हे स्वाभाविकच. पण मालक बदलला की पत्रावरच्या ‘दीन’ या शब्दाचा अर्थही कसा सरकतो, हे येथे दिसते. भालेकरांचा दीन दुष्काळातला कुणबी, लोखंड्यांचा दीन गिरणीतला मजूर. बिर्ज्यांच्या काळात त्याच दीनाला आपले क्षत्रियकुल सिद्ध करावेसे वाटू लागले. पत्राचे नाव तेच राहिले.

१९०६ मध्ये बिर्जे वारले आणि त्यांच्या पत्नी तानुबाई संपादक झाल्या. तानुबाई पुण्याच्या ठोसर घराण्यातल्या, फुल्यांच्या घराच्या सावलीत वाढलेल्या आणि शिकलेल्या. १९१२ पर्यंत सहा वर्षे त्यांनी पत्र चालवले. देशातल्या पहिल्या काही स्त्री-संपादकांत त्यांचे नाव घ्यावे लागते. तरी आपल्याकडे त्यांची आठवण ‘बिर्ज्यांच्या पत्नी’ इतकीच राहिली होती. विधवेने नवऱ्याचे कर्ज आणि नवऱ्याचे पत्र एकदमच स्वीकारायचे, हा जो वारसा होता त्याचा हिशेब कोणी मांडला?

आता ‘दीनमित्रा’कडे. तरवडीच्या गणपतराव पाटलांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ या नावाचे मासिक काढले होते. ते फार काळ चालले नाही. कृष्णराव भालेकरांचा मुलगा मुकुंद या पाटील घराण्यात दत्तक गेला. त्यामुळे मुकुंदराव पाटलांना (१८८५-१९६७) दोन वारसे मिळाले: जन्मदात्याकडून पत्र काढण्याचे वेड, आणि दत्तक घराकडून ‘दीनमित्र’ हे नाव व पाटलांची जमीन. यांतला दुसरा वारसा विसरून कोणी ‘दीनमित्रा’चा इतिहास सांगू लागला तर तो अर्धाच सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

भालेकर १९१० मध्ये वारले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक म्हणून सुरू केले. पुण्यातून नाही, नगर शहरातूनही नाही, तर सोमठाणे या खेड्यातून. पुढे ते तरवडीला आले आणि तरवडीचेच म्हणून ओळखले गेले. खेड्यातून निघालेले देशातले पहिले साप्ताहिक असा त्याचा उल्लेख केला जातो. आणि वर्ष कोणते? १९१० च्या फेब्रुवारीत नवा प्रेस ॲक्ट आलेला. नव्याने छापखाना टाकणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळालेला, आणि मजकूर सरकारला खटकला तर ती रक्कम जप्त करण्याचीही सोय झालेली. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वर्षी पंचविशीतल्या एका तरुणाने खेड्यात बसून पत्र काढायला घेतले.

खेड्यात पत्र चालवायचे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला समजावून सांगितले पाहिजे. शहरातल्या संपादकाला छापखाना भाड्याने मिळतो. एक बिघडला तर दुसऱ्या गल्लीत दुसरा असतो. खेड्यात यंत्र, खिळे, केसा, शाई, रूळ सर्व आणावे लागते, आणि आणलेले मोडले तर दुरुस्त करणारा बोलवावा लागतो. कागदाची रिमे बाहेरून यायची. जुळारी खेड्यात मिळत नाही. त्याला शिकवून तयार करावे लागते, आणि तो शिकला की शहरातला छापखाना त्याला ओढून नेतो. छापलेले अंक घड्या करून, पत्ते लावून पोष्टात पोहोचवावे लागतात, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटा बंद. शहरातल्या छापखान्याला लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके अशा फुटकळ कामांवर तगता येते. खेड्यातल्या छापखान्याला ते काम कितीसे मिळणार? जाहिरातीचे तर नावच नको. ज्या सावकाराविरुद्ध लिहायचे तोच काय तो जाहिरात देण्याच्या ऐपतीचा.

तरीही हे पत्र सत्तावन्न वर्षे चालले. त्याच्या काळात ब्राह्मणेतर चळवळीची कितीतरी पत्रे निघाली. बडोद्याची ‘जागृति’ होती, पुण्याचा ‘विजयी मराठा’ होता, बेळगावचा ‘राष्ट्रवीर’ होता. काहींना संस्थानिकांचा आधार होता. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली. १९३० नंतर ब्राह्मणेतर पक्षातली बरीच मंडळी काँग्रेसमध्ये गेली, तेव्हा त्यांच्या पत्रांचे प्रयोजनच संपले. ‘दीनमित्र’ मात्र दरबाराच्या देणगीवर उभे नव्हते. त्याच्यामागे शेत होते. वर्गणी आली नाही तर ज्वारी तर येत होती. मुकुंदरावांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, आणि निष्ठेने पत्र सुरू होते हेही खरे. पण छापखाना चालवायला आठवड्याला जो रोख पैसा लागतो तो निष्ठेतून निघत नाही.

या स्वतंत्र मालकीचा लाभ मजकुरात दिसतो. १९१३ मध्ये मुकुंदरावांनी ‘कुळकर्णी लीलामृत’ हे ओवीबद्ध विडंबन लिहिले. पोथीच्याच घाटात गावच्या कुळकर्ण्याच्या लीला वर्णन करायच्या, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकून कळाव्यात, ही त्यातली हुशारी. कोल्हापुरात शाहूंनी कुळकर्णी वतने रद्द केली ती १९१८ मध्ये. त्याच्या पाच वर्षे आधीचे हे लिखाण आहे. ‘शेटजी प्रताप’मध्ये सावकार आला, ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’मध्ये भिक्षुक आला. ‘आसूडाचे फटके’ हे त्यांचे सदर तर प्रसिद्धच आहे. फुल्यांचा असूड ज्या परंपरेच्या पत्रात अर्धवट राहिला, त्याच परंपरेतला एक माणूस पुढे आठवड्यागणिक आसूड ओढतो आणि त्याला कोणी थांबवू शकत नाही. कारण येथे लिहिणारा आणि छापणारा एकच आहे.

इथपर्यंत गौरव झाला. आता माझा प्रश्न.

छापखाना पाटलाच्या वाड्याशी आहे. त्याच शिवारात महारवाडा आहे, मांगवाडा आहे. महाराच्या वतनी कामांत एक काम होते निरोप पोहोचवण्याचे. सरकारी टपाल, सारा, मयताची वार्ता, पाहुण्या अंमलदाराचा हुकूम, हे सर्व महाराने एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी न्यायचे. खेड्यापाड्यांतली बातमी शतकानुशतके त्याच्याच पायांनी चालली. बातमी वाहून नेणे हे त्याचे काम होते. बातमी ठरवणे हे नव्हते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्या तीस वर्षांत किती पत्रांनी किती रकाने या विषयाला दिले, हे कोणी तरी मोजले पाहिजे. पाटलाचे वतन आणि महाराचे वतन एकाच ग्रामव्यवस्थेची दोन टोके होती. कुळकर्ण्याच्या वतनावर ओव्या रचणे एका पाटलाला जमले, हे धैर्याचेच होते. पण पाटीलकीवर ओव्या रचण्यासाठी दुसऱ्या कोणाचा तरी छापखाना हवा होता, आणि तो त्या शिवारात नव्हता. हा मुकुंदरावांवर ठपका नाही. मालकीची मर्यादा मालकाच्या सज्जनपणाने पुसली जात नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

अस्पृश्य लेखक तोवर काय करत होता? तो दुसऱ्याच्या पत्रात लिहीत होता. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले, बुद्धीने प्रखर. त्यांचे लेख ‘दीनबंधु’त आले, ‘सुधारका’त आले. त्या पत्रांनी छापले म्हणून ते आपल्याला कळले. जे छापले गेले नाही ते गेले. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढला, तेव्हा प्रथमच संपादकही आपला आणि प्रश्नही आपला असे झाले. आणि १९१० मध्ये, म्हणजे सोमठाण्याला ‘दीनमित्र’ निघाले त्याच वर्षी, नागपुरात किसन फागुजी बनसोड्यांनी स्वतःचा छापखाना काढला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ ही त्यांची पत्रे. एक बंद पडले की दुसरे, तेही गेले की तिसरे. पत्रे मरत होती. पण छापखाना होता म्हणून नवे पत्र जन्माला येऊ शकत होते. पुढे धर्माच्या प्रश्नावर बनसोडे बाबासाहेबांपेक्षा वेगळ्या वाटेने गेले. त्यांची ती वाट मला पटत नाही. पण वेगळे मत असूनही ते छापून लोकांपुढे ठेवता आले, हे छापखान्यामुळेच.

बाबासाहेबांच्या पत्रांची कथा याच प्रश्नाभोवती फिरते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे. त्या वर्षीच्या जुलैत बाबासाहेब लंडनला गेले, सूत्रे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलपांकडे गेली, आणि १९२३ मध्ये बाबासाहेब परत येईपर्यंत पत्र हातचे गेलेले होते. हजारो मैलांवर बसून पत्राची मालकी राखता येत नाही, हा धडा त्यांनी नीट गिरवला असावा. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला निघाले तेव्हा संपादक ते स्वतःच होते आणि चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरत होते. त्यानंतर चळवळीचा स्वतःचा ‘भारतभूषण’ छापखाना उभा राहिला. २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ निघाले, ते १९५६ पर्यंत चालले आणि त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ‘मूकनायक’ तीन वर्षे, ‘बहिष्कृत भारत’ जेमतेम अडीच वर्षे, आणि ‘जनता’ पाव शतक. या फरकाला चळवळीची वाढ कारण आहेच. पण यंत्र आपले होते हे कारण त्यात धरायचे की नाही?

आणि यंत्र आपले म्हणजे कोणाचे, हाही प्रश्न सुटलेला नव्हता. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला ‘बुद्धभूषण’ छापखाना पाडला गेला. वाद होता मालकीचा: जागा विश्वस्तांची, कुटुंबाची की समाजाची? दोन्ही बाजूंनी कागद दाखवले गेले, मोर्चा निघाला. त्या गदारोळात मला सारखे वाटत होते, की १८८० मध्ये, १८९७ मध्ये, १९२३ मध्ये आपण जो प्रश्न ‘आर्थिक अडचण’ म्हणून बाजूला ठेवला, तोच येथे जेसीबी घेऊन आला आहे.

२० डिसेंबर १९६७ ला मुकुंदराव वारले आणि ‘दीनमित्र’ थांबले. ज्या एकहाती मालकीने ते सत्तावन्न वर्षे जगले, तिच्यामुळेच ते त्यांच्याबरोबर संपले. पुढे चालवायला संस्था नव्हती, मंडळ नव्हते. तोवर नगर जिल्हा बदलला होता. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागून कारखान्यांची रांग लागली. तालुक्यातल्या पत्राचा मालक कोण, हे आता वेगळ्या ठिकाणी ठरू लागले. कारखान्याचा वार्षिक अहवाल, पतपेढीच्या जाहीर नोटिसा, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात, यांवर तालुक्याचे साप्ताहिक जगते. अशा पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत नाव एका साध्यासुध्या पत्रकाराचे असते. पत्र कोणाचे ते गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. १८६७ च्या कायद्याने निर्माण केलेली ती ओळ निदान शिपाई कोणाच्या दारात जाणार ते खरे सांगत होती. आता ती तेवढेही सांगत नाही.

भूमिहीन माणसाच्या मालकीचे, तालुक्याच्या गावातून निघालेले आणि दहा वर्षे टिकलेले एखादे पत्र महाराष्ट्रात होते का, याचा मी शोध घेत आहे. भित्तिपत्रके, सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिके, जयंतीचे विशेषांक यांची मोजदाद वेगळी. मी साप्ताहिकाबद्दल बोलतो आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी, वसतिगृहाच्या कपाटात किंवा विहाराच्या पेटीत १९७५ पूर्वीचे असे अंक असतील, तर त्यांनी अग्रलेख उतरवून घेण्याचे कष्ट घेऊ नयेत. शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक टाइपातली ओळ तेवढी जशीच्या तशी, छापखान्याच्या नावागावासह, लिहून पाठवावी.